डान्स फिल्ममध्ये कट कुणाचा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. सोलापुरातला एक तरुण दिग्दर्शक आणि पूर्व भागात भरतनाट्यमचा क्लास चालवणाऱ्या एक ताई मिळून आठ मिनिटांची डान्स फिल्म करतायत. शूटिंग मे महिन्यात, यंत्रमागाच्या कारखान्यात. दोन तालमी झाल्या आणि वाद सुरू झाला. ताई म्हणतात, पूर्ण शरीर दिसलंच पाहिजे आणि अडवूच्या, म्हणजे पायांच्या मूळ हालचालीच्या तुकड्याच्या, मध्ये कट नको. दिग्दर्शक म्हणतो, मग ही फिल्म कशी, हे तर गॅदरिंगचं शूटिंग झालं. शेवटचा शब्द कुणाचा, नावं कशी द्यायची आणि कारखान्यात काय काय सांभाळायचं, असं त्याने विचारलंय.

मी सोलापुरातच वाढलो, लग्नाच्या शूटिंगपासून सुरुवात केली आणि गेली वीसेक वर्षं दिग्दर्शन आणि संकलन करतोय. त्यातल्या पाच कामांत नृत्यदिग्दर्शक माझ्या बरोबरीने होते. त्या अनुभवावरून लिहितोय.

ताईंची पहिली अट आधी नीट समजून घ्या. 'पूर्ण शरीर दिसलं पाहिजे' असं नाच शिकवणारी बाई म्हणते तेव्हा तिला काळजी असते ती वजनाची. अरमंडीत, म्हणजे गुडघे बाहेर वळवून अर्धवट, बसलेल्या मुलीचं सगळं वजन मांड्यांमधून जमिनीत उतरलेलं असतं. तुम्ही चेहरा आणि हात एवढाच तुकडा घेतलात की ते वजन फ्रेमच्या बाहेर राहतं, आणि पडद्यावर दिसते खुर्चीत बसून हात हलवणारी मुलगी. सात-आठ वर्षं मांड्या भरून येईपर्यंत तिने जे कमावलं, ते दिसतच नाही. ताईंना हे लगेच कळतं, तुम्हाला अजून कळत नाही. या क्षणी बघणाऱ्याची नजर कुठे असेल, हे मात्र तुम्हाला कळतं. ताईंना ते कळायला वेळ लागेल, कारण त्या आयुष्यभर सभागृहासाठी नाच बसवत आल्यात आणि सभागृहात नजर कुठे न्यायची ते प्रेक्षक स्वतः ठरवतो.

मला हे उशिरा कळलं. हुतात्मा स्मृती मंदिरात एका अरंगेत्रमचं (शिष्येच्या पहिल्या जाहीर नृत्याचं) तीन कॅमेऱ्यांनी शूटिंग केलं होतं. संकलन करताना प्रत्येक सुंदर पोझवर थांबलो, आणि तिथून थेट पुढच्या सुंदर पोझवर कट. सगळं चकचकीत झालं. मुलीच्या गुरूंनी शेवटपर्यंत शांतपणे पाहिलं आणि म्हणाल्या, "फोटो छान आलेत. पण ती नाचतेय कुठे?" घरी येऊन आवाज बंद करून पुन्हा पाहिलं. एका पोझपासून दुसऱ्या पोझपर्यंत जाणं हाच नाच होता, आणि नेमकं तेच मी कापून टाकलं होतं.

वजन बघायला डोळा तयार करायचा असेल तर त्याची शाळा आपल्या गावातच आहे. संक्रांतीला गड्ड्याच्या यात्रेत सात नंदीध्वज, म्हणजे उंच मानाच्या काठ्या, निघतात. आपण सगळे काठीच्या टोकाकडे बघतो. एकदा पांढऱ्या बाराबंदीतल्या त्या पेलणाऱ्या माणसाच्या कमरेकडे आणि पावलांकडे बघा. काठी कलण्याच्या आधी त्याचा गुडघा हलतो. त्याचं पाऊल पडायच्या आत वजन पुढच्या पायाकडे निघालेलं असतं. तो 'आधी'चा क्षण दिसायला लागला की नाच कापायची तयारी झाली समजा. (यात्रेत कलाकार घुसवून शूटिंग मात्र करू नका. तो लोकांचा नेम आहे.)

आता ताईंची दुसरी अट. अडवूच्या मध्ये कट नको, हे मी मान्य करणार नाही. कट मध्येच हवा, फक्त वजन हवेत असताना हवा. पोझ स्थिर झाल्यावर कापलं की नजर दोनदा थांबते, एकदा जुन्या चित्रावर आणि एकदा नव्या. वजन एका पायावरून दुसऱ्याकडे जात असताना कापलं तर नजर त्या वजनाबरोबर कट ओलांडून जाते. याचं सर्वात स्वच्छ उदाहरण ऐंशी वर्षं जुनं आहे. माया डेरेन या अमेरिकेतल्या चित्रपटकर्तीने १९४५ साली टॅली बीटी या नर्तकाबरोबर 'अ स्टडी इन कोरिओग्राफी फॉर कॅमेरा' ही अवघ्या काही मिनिटांची मूक फिल्म केली. नर्तक रानात पाय उचलतो आणि तो पाय टेकतो एका घरातल्या खोलीत. जागा बदलली, पण पायाचं वजन अखंड राहिलं. शेवटची उडी तर वेगवेगळे तुकडे जोडून कुठल्याही माणसाला जमणार नाही इतकी लांबवलीय. ती उडी रंगमंचावर होऊच शकत नाही, ती नर्तकाने आणि संकलनाने मिळून मारलीय. ही फिल्म ताईंबरोबर बसून बघा, आवाज नाहीच त्यामुळे मध्ये थांबून बोलता येतं. ताईंचं 'कट नको' तिथे बरंचसं विरघळेल असं मला वाटतं.

उदयशंकर यांनी १९४८ च्या 'कल्पना'मध्ये दिग्दर्शन आणि नृत्य दोन्ही स्वतःकडे ठेवलं होतं. तुमच्याकडे ते दोन डोक्यांत वाटलेलं आहे, त्यामुळे तुमचा खरा वेळ तालमीत जाणार. पुढच्या तीन तालमींना कॅमेरा नेऊ नका, मोबाइलही खिशात ठेवा. भिंतीला टेकून बसा आणि प्रत्येक तुकड्याला ताईंना एकच प्रश्न विचारा, "इथे वजन कुठे आहे?" जमलं तर एखादा तट्ट अडवू स्वतः शिका. मी शिकलो होतो. जिना उतरताना पुढचे चार दिवस कठड्याला धरून उतरत होतो, पण त्यानंतर अरमंडीतल्या मुलीला "जरा तशीच थांब, फोकस बघतो" असं मी कधी म्हटलं नाही.

त्यानंतरच्या तालमीपासून मोबाइल काढा. जसं दिसेल तसं घ्या, रात्री कच्चं कापा, दुसऱ्या दिवशी तालमीच्या आधी दाखवा. महागडा कॅमेरा येण्याआधी असे चार-पाच कच्चे मसुदे झाले पाहिजेत. यातून ताई नाच बदलायला लागतात, आणि मला यातला सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच वाटतो. एका कामात नृत्यदिग्दर्शिकेने मोबाइलवरचा मसुदा बघितला, काही बोलल्या नाहीत, उठून मुलींकडे गेल्या आणि अख्खी रचना नव्वद अंशांत फिरवली. डावी-उजवीकडे जाणारं सगळं पुढे-मागे झालं. त्या दिवसापासून ती कॅमेऱ्यासाठीची रचना झाली.

त्यांनी ते का केलं हे सांगतो, कारण तुमच्या क्लोज-अपच्या भांडणाचं उत्तर त्यातच आहे. रंगमंच आडवा असतो. कॅमेऱ्यासमोरची जागा त्रिकोणी असते, टोक लेन्सपाशी आणि रुंदी लांब. ३५ मिलिमीटरच्या लेन्सला फुल-फ्रेम कॅमेऱ्यावर एक सोपा हिशोब आहे, जितकं अंतर जवळपास तितकीच फ्रेमची रुंदी. दहा फुटांवर दहा फूट. ५०च्या लेन्सला दहा फुटांवर सव्वासात फूट. उंची बघितली तर ३५ला दहा फुटांवर पावणेसहा फूटच मिळते. मुलीने हात वर केले की ती साडेसहा फुटांच्या पुढे जाते, म्हणजे किमान बारा फूट मागे जायला हवं. क्लासमध्ये सुतळीचे दोन तुकडे घ्या, त्यांचं एकेक टोक लेन्सच्या जागी एकत्र बांधा आणि फ्रेमच्या दोन्ही कडांच्या रेषेत ताणून फरशीवर चिकटपट्टीने पक्की करा. मुलींना तो त्रिकोण पायांनी पाठ होऊ द्या. पहिल्या दिवशी त्या सारख्या बाहेर जातील. तिसऱ्या दिवशी बघा काय होतं. त्यांना उमगतं की टोकाकडे चालत गेलं की आपण मोठ्या होतो, आणि टोकापाशी नुसती भुवई उचलली तरी ती मागच्या उडीपेक्षा मोठी दिसते.

म्हणून क्लोज-अप कापून घेऊ नका. मुलीला चालत क्लोज-अपमध्ये येऊ द्या. पूर्ण शरीर मागे दिसलं, वजन प्रेक्षकाच्या अंगात उतरलं, मग ती सहा मात्रांत लेन्सपाशी आली आणि फक्त डोळे राहिले. आता त्या डोळ्यांच्या खाली अरमंडी आहे हे प्रेक्षकाला माहीत आहे. ताईंनाही हा क्लोज-अप चालेल, कारण तो त्यांनीच बसवलेला असेल. परतही तशीच जाऊ द्या.

कॅमेऱ्याची उंची हा लहान मुद्दा आहे, पण सगळीकडे चुकतो. खांद्यावरचा किंवा डोळ्यांच्या पातळीवरचा कॅमेरा अरमंडीला वरून चेपतो, मुलगी बुटकी दिसते. लेन्स कमरेच्या पातळीला आणा.

मोजणीची भाषा एक करून घ्या. ताई मात्रा मोजणार, तुम्ही फ्रेम. फिल्म सेकंदाला २४ फ्रेमवर असेल आणि लय मिनिटाला १२० मात्रांची ठेवली तर एका मात्रेला बरोबर १२ फ्रेम बसतात, आदितालाचं आठ मात्रांचं आवर्तन चार सेकंदांत, ९६ फ्रेममध्ये. असा आकडा ठरवून घेतला की ताई "पाचव्या मात्रेच्या थोडं आधी" म्हणतात आणि तुमचा हात टाइमलाइनवर बरोबर तिथे जातो. संगीत आधी करून त्यावर नाच कापण्यापेक्षा नुसत्या तालावर किंवा सोल्लुकट्टूच्या (तोंडाने म्हणायच्या तालाच्या) बोलांवर शूटिंग करा, कापा, आणि संगीतकाराला कापलेली फिल्म द्या. मला ही पद्धत नेहमी जास्त जिवंत वाटली आहे. दुसऱ्याचं रेकॉर्डिंग वापरायच्या फंदात पडू नका. घुंगरू आणि पायांचा आवाज वेगळा घ्या, त्याच फरशीवर, कॅमेरा बंद करून.

स्लो मोशनबद्दल माझं मत कडक आहे. हळू केलं की पहिल्यांदा वजनच जातं. पाय जमिनीवर आपटल्याचा धक्का शरीरभर पसरतो तो क्षण इतका लहान असतो की लांबवला तर पाऊल कापसावर पडल्यासारखं वाटतं. आठ मिनिटांत एखाद्या ठिकाणी वापरा, तेही ताईंनी मागितलं तर.

आता संकलन. पहिला कट तुम्ही एकटे करा, तिथे गर्दी नको. मग ताईंना बोलवा आणि आवाज बंद करून दाखवा. माझ्या मागच्या फिल्ममध्ये एका उडीवर आम्ही अख्खी संध्याकाळ बसलो होतो. मुलगी मागे उडायला निघते, कट, आणि खिडकीपाशी उतरते. मला ते व्यवस्थित वाटत होतं. नृत्यदिग्दर्शिका म्हणत होत्या, काहीतरी खोटं आहे. शेवटी त्या उठून खोलीत माझ्यासमोर उभ्या राहिल्या, उडीची तयारी केली आणि म्हणाल्या, "माझ्या टाचेकडे बघ. टाच सुटली, पण अंगठा अजून जमिनीला आहे. तू तिला इथे कापलंस. ती अजून उडालेलीच नाही, आणि तू तिला उतरवलंस." कट चार फ्रेम पुढे नेला. चार फ्रेम म्हणजे सेकंदाचा सहावा भाग. उडी उडी झाली. माझ्या वीस वर्षांच्या संकलनाला तो अंगठा दिसला नव्हता, त्यांना झोपेतही दिसला असता. म्हणून ताईंना संकलनाच्या टेबलावर खुर्ची द्या, ही माझी सगळ्यात ठाम सूचना आहे.

मग शेवटचा शब्द कुणाचा? शूटिंगच्या आधी ठरवा आणि कागदावर लिहा. आम्ही असं करतो. सेटवर टेक पास व्हायला दोन होकार लागतात, शरीर ठीक आहे हा नृत्यदिग्दर्शकाचा आणि कॅमेरा ठीक आहे हा माझा. एकाचाही नकार असेल तर पुन्हा. पण मुलींच्या गुडघ्यांचा विचार करून पूर्ण तुकड्याचे पाच-सहा टेक ही मर्यादा, त्यानंतर त्या दिवशी तो तुकडा बंद. संकलनात, शरीर चुकलेला शॉट नाकारायचा हक्क नृत्यदिग्दर्शकाला, कारण तिथे तिची आणि तिच्या मुलींची शिकवण पणाला लागते. अमुक शॉट घ्याच असा आग्रह मात्र तिने धरायचा नाही. क्रम, लांबी आणि शेवट माझा. तुम्ही वेगळी वाटणी कराल, हरकत नाही, पण ती पहिल्या टेकच्या आधी झालेली असावी.

नावांच्या बाबतीत कद्रूपणा करू नका. डेरेनने शीर्षकात बीटीचं नाव आपल्या नावाशेजारी दिलं होतं. आपल्याकडे नृत्यदिग्दर्शकाचं नाव मेकअपच्या वर-खाली कुठेतरी सरकत जातं. तुमची फिल्म दोघांची असेल तर पहिल्या पाटीवर दोन्ही नावं एकत्र येऊ द्या. कायद्याचा भागही माहीत असू द्या. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात नृत्यरचना नाट्यकृतीत मोडते, मात्र ती लिहून किंवा अन्य प्रकारे नोंदवलेली असावी लागते. फिल्मचा हक्क वेगळा आणि तो निर्मात्याकडे असतो. म्हणजे ताईंची रचना तुम्ही शूट केली म्हणून ती तुमची होत नाही, आणि तुमची फिल्म त्यांची होत नाही. हक्क द्यायचे तर करार लेखी हवा, आणि करारात मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षं, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत असा अर्थ धरला जातो. महोत्सवांना पाठवणार असाल तर या दोन ओळी विसरू नका. ताईंनी तीच रचना पुढे रंगमंचावर करायला मोकळीक असावी, हेही लिहा.

कारखान्याची कल्पना मला मनापासून आवडली. फक्त मागांच्या मधल्या बोळात आडवं काही करता येणार नाही, ती जागा आधीच एक लांब त्रिकोण आहे. सुतळीचा सराव तिथे कामाला येईल.

सुरक्षेचं आधी बघा. माग चालू असताना मुलगी दोन मागांच्या मध्ये नको. धोटा (आडवा धागा नेणारा लाकडी तुकडा) उडून बाहेर येऊ शकतो, पट्टे उघडे असतात, आणि पदर किंवा वेणी अडकायला एक क्षण पुरतो. चालू माग मागे, भरपूर अंतर सोडून, आणि मुलगी मोकळ्या जागेत. जवळचे शॉट माग बंद ठेवून. त्यासाठी मालकाशी आधी बोला. आमच्या शूटिंगला मी "पाच मिनिटं माग बंद करता का" असं सहज विचारलं तेव्हा कामगार म्हणाला, "बंद करतो की सर, पण परत चालू केला की कापडावर रेघ उमटते बघा. तेवढा माल मालक बाजूला काढतोय." त्यानंतर आम्ही ताणा, म्हणजे उभे धागे, संपून धाग्यांचा नवा रूळ (बीम) चढायच्या वेळा विचारून घेतल्या आणि बंद मागाचे सगळे शॉट त्या वेळेत बसवले. तुम्हीही तसंच करा, आणि तरी माल खराब झाला तर भरून द्या.

आवाजाने मोजणी ऐकू येणार नाही. ताईंना लेन्सच्या अगदी शेजारी उभं करा, हाताने मात्रा दाखवू द्या. तिथले कामगार एकमेकांशी हाताच्या खुणांनी बोलतात, घरात तेलुगू बोलणारे आणि मराठी बोलणारे, दोघांनाही त्या खुणा कळतात. ताईंना एक दिवस नुसतं ते बघायला घेऊन जा. मुद्रा शिकवणाऱ्या बाईला त्यात काय दिसेल हे मला आत्ताच सांगता येणार नाही, पण तुमच्या फिल्मचा गाभा तिथे सापडू शकतो. मागांच्या लयीचंही एक लक्षात घ्या. शेजारचे दोन माग एका वेगाने चालत नाहीत. थोडा वेळ ठोके जुळतात, मग हळूहळू सुटतात, पुन्हा जुळतात. त्या सुटण्या-जुळण्यावर नाचायला सांगाल तर मुली गोंधळतील. एकाच मागाचा आवाज रिकाम्या वेळी वेगळा रेकॉर्ड करा आणि तालमीत तो लावा.

ट्यूबलाइटने आमचा एक अख्खा दिवस खाल्ला आहे. कॅमेरामनने सवयीने ६० फ्रेमवर आणि १/१२० शटरवर घेतलं, कॅमेऱ्याच्या छोट्या स्क्रीनवर काही कळलं नाही, आणि रात्री लॅपटॉपवर बघतो तर मुलीच्या अंगावरून काळपट पट्टे वर सरकतायत. आपली वीज ५० हर्ट्झची आहे. शटर १/५० किंवा १/१०० ठेवा, आणि हळू करायचं असेल तर ५० फ्रेमवर घ्या. पत्र्यातून किंवा झरोक्यातून ऊन येत असेल तर ट्यूब बंदच करा. कापसाचं तूस हवेत तरंगत असतं, ते उलट्या उन्हात इतकं सुंदर दिसतं की वेगळा धूर लागत नाही. तेच तूस फरशीवर तेलात मिसळून निसरडं होतं. दर टेकच्या आधी ओल्या फडक्याने पुसून घ्यायला एक माणूस फक्त त्याच कामाला ठेवा.

मे महिना बदलता येत असेल तर बदला, जानेवारीचं ऊन तिरपं आणि मऊ असतं. नाहीच जमलं तर मुलींना पहाटे पाचला अंग मोकळं करायला बोलवा, सहाला पहिला टेक, नऊला बंद. पत्र्याखाली दहानंतर उभं राहवत नाही, आणि अंगणातल्या शहाबादी फरशीवर अनवाणी पाय टेकवत नाही. सिमेंटच्या कोब्यावर नडग्या दुखतात म्हणून तालमीला खाली सतरंजी घाला, ती टेकच्या वेळीच काढा. दुपारी मुलींना घरी पाठवा. तुम्ही आणि ताई सकाळचं फुटेज बघत बसा.